आत्याच्या लग्नाचा फोटो, शब्दांत



आपल्या प्रत्येकीच्या घरी कपाटात नाहीतर जुन्या ट्रंकेत एक तरी लग्नाचा ग्रुप फोटो असतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेला. मागे पुरुषांची नावे ओळीने लिहिलेली असतात आणि शेवटी 'व मंडळी'. ही मंडळी म्हणजे बहुतेक आपल्या आज्या, काकू, आत्या. त्यांची नावे सांगू शकणारी माणसे एकेक करून जात आहेत. शेवटचे माणूस गेले की फोटो राहतो, पण तो कोणाचा हे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून जुना फोटो शब्दांत कसा उतरवावा, यावर आज लिहिते आहे. उदाहरण घरचेच घेते. माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाचा फोटो, साल १९६३, गाव जयसिंगपूर. नावे इथे देत नाही, ती घरच्या वहीत आहेत.

आत्या आता ऐंशीला आली. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लग्नाचा फोटो तेवढा सांग गं मला." तिच्या नातवाने आधी फोनला विचारून बघितले. हल्ली फोन चित्र बघून वर्णन करतो. फोन म्हणाला, जुन्या काळातील समूहाचे छायाचित्र, अंदाजे पंचवीस माणसे, काही स्त्रिया साडीत. आत्या म्हणाली, "एवढं तर मलाही माहीत आहे की!" मग मी भिंग आणि वही घेऊन बसले. दोन दुपारी आम्ही त्या एका फोटोवर घालवल्या.

सुरुवात केली बाहेरून. फोटो साधारण वहीच्या पानाएवढा, आडवा. खाली उजव्या कोपऱ्यात सांगलीच्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का. मागे आमच्या जुन्या घराची दर्शनी भिंत, मधोमध दार, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण. पुढे रस्ता. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी आखून वसवलेले आणि वडिलांचे नाव दिलेले गाव. त्यामुळे गल्ल्या सरळ आणि रुंद. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून लांबून पंचवीस माणसे एका चौकटीत घेता आली, ती त्या रुंद गल्लीमुळे.

मग उजेड. आमचे घर पूर्वेकडे तोंड केलेले. फोटोत सगळी माणसे सावलीत आहेत, आणि अगदी खालच्या कडेला रस्त्यावर घराच्या सावलीची रेघ संपून ऊन सुरू होते. म्हणजे सूर्य घराच्या मागे, पश्चिमेला गेलेला. दुपार टळून गेलेली. लग्न लागले सकाळी, मग फोटो इतका उशिरा का? आत्याला कारण आठवत होते. सांगलीहून फोटोवाला यायला उशीर झाला, आणि आला तेव्हा पाहुण्यांच्या दुसऱ्या जेवणाची घाई सुरू होती. अनथउ तर सूर्यास्ताच्या आत उरकायचा. वैशाखात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे आचारी हाका मारतोय, फोटोवाला 'हलू नका' म्हणतोय आणि आजोबा घड्याळ बघतायत, असा तो प्रकार. तुमच्याही घरचे जुने फोटो बघा. रात्रीच्या वरातीच्या दिव्यांपेक्षा आपल्याकडे दुपारचा उजेडच जास्त सापडेल.

आता रांगा. इथे एक गोष्ट आधीच ठरवून सांगावी लागते: डावे-उजवे कोणाचे? मी आत्याला म्हटले, बघणाऱ्याचे डावे ते डावे. पुढे सतरंजीवर सहा मुले. मधल्या रांगेत नऊ खुर्च्या. मागे दहा जण उभे. खुर्च्यांवर मधोमध नवरा-नवरी. त्यांच्या डावीकडे चार वडीलधारे पुरुष, उजवीकडे तीन बायका. मागच्या रांगेतही तसेच, डावीकडे पाच पुरुष, उजवीकडे पाच बायका. सहा मुलांत मी एक, वय वर्षे पाच. माझा चेहरा पुसट आला आहे. पुढची आणि मागची रांग दोन्ही स्पष्ट यायची तर भिंगाचे तोंड बारीक ठेवावे लागते, मग उजेड आत यायला वेळ जास्त लागतो. तेवढ्या वेळात मोठी माणसे श्वास रोखून बसली आणि मी मान वळवली. फोटोत कोणी हसत नाही त्याचेही अर्धे कारण हेच. उरलेले अर्धे कारण म्हणजे फोटो काढणे हे तेव्हा गंभीर काम होते. पैसे मोजून होणारे आणि पुन्हा न होणारे.

आत्या नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली आहे, म्हणजे बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. सप्तपदी होईपर्यंत नवरी उजवीकडे असते, नंतर ती वामांगी होते. म्हणजे एवढ्या एका गोष्टीवरून, कोणालाही न विचारता, हा फोटो विधी पूर्ण झाल्यानंतरचा आहे असे लिहिता येते. मामांच्या अंगात बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, डोक्याला फेटा. दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या. आत्याच्या डाव्या मनगटावर चुड्याच्या मागे मनगटी घड्याळ आहे. मी ते सांगितले तेव्हा तिचा हात आपोआप मनगटाकडे गेला. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये झाली, वडिलांनी घड्याळ दिले आणि वैशाखात लग्न लागले. निकाल जूनमध्ये सासरी कळला, पास! तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. ती सतरा वर्षांची होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो आपल्या जैनांनाही लागू आहे, मुलीचे वय पंधरा पूर्ण असले की चालत असे. अठराची अट १९७८ च्या दुरुस्तीने आली. त्यामुळे त्या दिवशी कोणाला काही वावगे वाटले नव्हते.

बायका अशा पुरुषांच्या बरोबरीने, उघड्या रस्त्यावर, परक्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, ही गोष्ट फार जुनी नव्हे. आपल्या देशात फोटोग्राफी मोठ्या मानाला नेणाऱ्यांत एक नाव आपल्याच धर्मातल्या घरचे आहे, राजा दीनदयाळ. मीरतजवळच्या सरधना गावी १८४४ मध्ये जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीला शिकले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे छायाचित्रकार झाले. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडदा पाळणाऱ्या बायकांचे फोटो काढायला केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई होत्या. म्हणजे बाईचा फोटो निघायचा तर कॅमेऱ्यामागेही बाई हवी, असा तो काळ. तिथून सत्तर-एकाहत्तर वर्षांत आमच्या गल्लीत नऊ बायका दहा पुरुषांबरोबर एका फोटोत आल्या. आल्या खऱ्या, पण फोटोच्या मागे दहा पुरुषांची नावे आहेत आणि या नऊजणी 'मंडळी'त गेल्या. खुद्द नवरीचेही नाव नाही, नुसते 'चि. सौ. कां.' लिहून सोडून दिले आहे.

आता रंगांचे. काळ्या-पांढऱ्या फोटोचे वर्णन करताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. त्या काळच्या काही प्लेटा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या असत. त्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून त्या धुता येत. अशा प्लेटवर लाल ते काळे येते आणि निळे ते फिकट, जवळजवळ पांढरे. आमच्या फोटोत सगळ्यांचे कुंकू काळेभोर आहे, त्यावरून तसलीच प्लेट वापरली असावी असा माझा अंदाज. आत्याचा शालू काळा दिसतो. मी काळा म्हटल्याबरोबर ती उसळली, "काळा कशाला असेल? डाळिंबी होता, काठ हिरवा!" उलट मागच्या रांगेत माझी आई पांढऱ्या साडीत दिसते. काही वर्षांपूर्वी माझ्या नातीने हा फोटो बघून विचारले होते, "या पणजी विधवा होत्या का?" आईची साडी आकाशी निळी होती. कपाळावर कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत, आणि डावीकडच्या पुरुषांत माझे वडील धडधाकट उभे आहेत. नुसत्या साडीवरून बाईचे आयुष्य ठरवले तर असे होते.

खुर्च्यांवरच्या तिघी वयस्क बायका नऊवारी लुगड्यांत, पदर डोक्यावरून. उभ्या असलेल्या पाचजणींपैकी तिघी नऊवारीत आणि दोघी पाचवारीत. एकाच घरातल्या सासवा-सुना, पण नेसण्यात बदल होत चाललेला इथे एका नजरेत मोजता येतो.

मग दागिने. मैत्रिणींनो, खरा विषय इथे आला. मी एकेक सांगत गेले. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, ठुशी, हातात पाटल्या, आणि छातीवर कोल्हापुरी साज. भिंगातून साजाची पाने मोजता येतात, एकवीस पूर्ण आहेत. आत्या म्हणाली, "तेवढं लिहू नकोस. नाही, लिही. पण पुढचंही लिही."

ते पुढचे समजायला १९६३ साल समजून घ्यावे लागते. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. देशाला परकीय चलनाची ओढाताण होती, चोरट्या सोन्यावर ते वाहून जात होते. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. हिशेब सोपा आहे. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. आपला नेहमीचा बावीस कॅरेटचा दागिना म्हणजे शंभरात साडेएक्याण्णव भागांहून थोडे जास्त सोने. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न. बाकी तांबे-चांदी. लोकांना ते सोने वाटेचना. सराफ पेढ्या ओस पडल्या, पिढीजात सोनारांचे हाल झाले.

आजोबांनी आत्याच्या पाटल्या आणि ठुशी आदल्या दिवाळीतच करून ठेवल्या होत्या. साज संक्रांतीनंतर करायचा ठरला होता. संक्रांत आली आणि तिच्या आगेमागेच नियम आला. आजोबा म्हणाले, लेकीच्या अंगावर निम्मे तांबे घालणार नाही. लग्न तर ठरलेले. मग आईने स्वतःचा साज गळ्यातून काढला आणि नणंदेच्या गळ्यात घातला. मांडवपरतणीला आत्या माहेरी आली तेव्हा तो परत दिला. नवा साज मागाहून करू म्हणाले होते. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण तोवर आजोबा राहिले नव्हते.

खूप वर्षांनी आत्याच्या सासरी वाटण्या झाल्या. कोणी काय आणले, कोणाचे काय, अशी बोलणी सुरू झाली. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी हाच फोटो भिंतीवरून काढून पुढे ठेवला. "हा साज कुठे गेला? माहेरी ठेवलास ना?" आत्याने खरे ते सांगितले. कोणी तोंडावर खोटे म्हटले नाही, पण कोणाला पटलेही नाही. फोटोत साज ढळढळीत दिसतो आहे, त्यापुढे बोलणे हलके पडले. तो सल तिने चाळीस वर्षे मनात ठेवला. जाऊबाई आता नाहीत.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की ताळेबंद म्हणजे एका दिवसाची स्थिती. त्या दिवशी काय शिल्लक आहे ते त्यात दिसते. ते कुठून आले, कोणाचे देणे आहे, दुसऱ्या दिवशी कुठे गेले, हे कळायला रोजकीर्द उघडावी लागते. लग्नाचा फोटो तसाच. साज त्या दिवशी आत्याच्या गळ्यात होता, एवढेच तो सांगतो. आत्याचा होता असे त्याने कधी म्हटलेच नाही, ते बघणाऱ्यांनी म्हटले.

आणि आमच्या घरची रोजकीर्द खरोखर सापडली. आईच्या ट्रंकेत लग्नखर्चाची वही आहे. आचारी, मांडव, वाजंत्री, उपाध्यांची दक्षिणा, सगळे लिहिलेले. शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात एक ओळ: 'साज परत पोचला'. खाली तारीख. मी ती ओळ आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. मग तिने वही मागून घेतली आणि त्या पानावर नुसता हात फिरवत बसली.

यानंतर मी विचारले, आत्या, अजून काही राहिले का? ती म्हणाली, "अक्काला लिही." अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. लहान वयात वैधव्य आलेले. पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांच्या कार्यामुळे आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या सोलापूरच्या श्राविकाश्रमात ती राहून शिकली आणि शिक्षिका झाली. त्या उन्हाळ्यात ती सुट्टीला घरी होती. आत्याची मॅट्रिकची उजळणी तिने पत्रांतून करून घेतली होती, लग्नादिवशी वेणी तिने घातली, शालूच्या निऱ्या तिने बसवल्या. फोटोच्या वेळी तिला कोणी नको म्हटले नाही, आणि ये असेही म्हटले नाही. ती आपणहून स्वयंपाकघरात गेली. पंचवीस माणसांत मी भिंगाने शोधले, दारामागेही ती दिसत नाही. तेव्हा वर्णनाच्या शेवटी आत्याच्या सांगण्यावरून लिहिले: 'अक्का या फोटोत नाही. ती त्या दिवशी घरात होती. नवरीची वेणी तिने घातली आहे.' वेणी मात्र फोटोत दिसते, खांद्यावरून पुढे घेतलेली, अबोलीच्या गजऱ्यासकट.

असे वर्णन करताना मला एक शिस्त उपयोगी पडली. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात डोळ्यांनी दिसते ते. दुसऱ्यात कोणी सांगितले ते, आणि सांगणाराचे नाव. तिसऱ्यात आपला अंदाज. काळा शालू पहिल्या रकान्यात, डाळिंबी दुसऱ्यात, लाल न पकडणारी प्लेट तिसऱ्यात. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञान आणि श्रुतज्ञान वेगळे सांगितले आहे ते स्वाध्यायात आपण शिकतोच. दोन्ही ज्ञानेच, पण एकाच्या जागी दुसरे लिहू नये. जाऊबाईंच्या मनात हे रकाने वेगळे असते तर एक घर इतकी वर्षे अबोल्यात राहिले नसते, असे मला वाटते.

अजून काही व्यवहारातल्या सूचना. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढे उमटतात. मऊ पेन्सिलीने कडेला फक्त क्रमांक घाला आणि नावे वेगळ्या कागदावर लिहा. बायकांची नावे लिहिताना माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारत ते नाव, तिन्ही लिहा, कारण पुष्कळींचे नाव लग्नात बदललेले असते. आधी जागा आणि उजेड, मग रांगा, मग माणसे डावीकडून उजवीकडे, मग कपडे-दागिने, आणि शेवटी फोटोत कोण नाही ते. सांगणारे माणूस थकलेले असेल तर एका दिवशी एकच रांग घ्या. त्यांनी मधेच दुसरे काही सांगितले तर थांबवू नका, पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच निघते.

आत्याच्या फोटोतल्या नऊपैकी सात बायकांची नावे तिने सांगितली. मागच्या रांगेतल्या दोघी राहिल्या. एक नवऱ्यामुलाकडची पाहुणी असावी. दुसरी उंच, पाचवारीतली, डाव्या खांद्यावर ब्रोच लावलेली. तिच्यासाठी वहीत जागा कोरी ठेवली आहे. कुंभोज, नांदणी, हातकणंगले भागातल्या कोणा भगिनीच्या घरी हाच फोटो असेल आणि तिच्या आजीच्या खांद्यावर तसा ब्रोच असेल तर जरूर कळवा.